हरेल त्याला गुद्दा

...आणि वर भावजी मलाच विचारतात, "पण सुरुवात कोणी केली?" अहो, सुरुवात कोणी केली म्हणजे काय? माझा पुढचा दात त्या दुकानातल्या कपाटाखाली कुठेतरी पडलाय, चष्म्याची एक काच राहिली, एक गेली, शर्टाची बाही त्या हातमोजेवाल्याच्या मुठीत राहिली, अंगठा हा बघा, तीन आठवडे झाले तरी काकडीएवढाच आहे, आणि सुरुवात मी केली? बरं, केली. मीच केली! पण तुम्हाला सांगतो, मी मारामारी करणारा माणूस नाही हो! चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो मी. बावीस वर्षं झाली... "हे स्पष्ट दिसतंय, की हे? पहिलं, की दुसरं?" एवढंच बोलत आलोय. गिऱ्हाईक अंगावर खेकसलं तरी मी आपला, "बरं, परत एकदा बघू या."

आणि मारामारी कशावरून? व्हिडिओ गेमवरून! शेहेचाळीस वर्षांचा बाप्या मी, व्हिडिओ गेमवरून दात पाडून घेतला. तोही नवा नाही. तो जुना, कॅसेट खुपसायचा, वायरवाले दोन रिमोट असलेला, ज्यात दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना नुसती बडवत सुटतात, तो. हसा, हसा... पण आधी आमच्या ताईबद्दल ऐका, मग हसा.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेत खेळाची शिक्षिका, मुलींचा कबड्डीचा संघ तिच्याकडे. तिला शिट्टी लागत नाही, नुसती "एऽऽऽ" म्हणाली की पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यासुद्धा थांबतात. लहानपणी आमच्याकडे हाच गेम होता आणि घरात एकच नियम होता... हरेल त्याला गुद्दा. दंडावर. मधल्या बोटाचं हाड वर काढून! नियम कोणी केला? ताईने. जिंकायचं कोण? ताई. आणि दंड कोणाचा? पाचवी ते नववी माझा डावा दंड निळा होता. आईला वाटायचं शाई सांडलीय, ती आंघोळीला बसवून तोच दंड काथ्याने घासायची, म्हणजे ते आणखी वेगळंच!

तर या आमच्या ताईला चार महिन्यांपूर्वी झटका आला. अर्धांगाचा. बोलते व्यवस्थित, काठी घेऊन चालते, पण उजवा हात गेला. म्हणजे आहे, पण मांडीवर नुसता पडलेला, कोणीतरी विसरून गेल्यासारखा. व्यायाम घ्यायला एक बाई येतात, त्यांनी स्पंजचा चेंडू दिला, "दाबा हं ताई, छान दाबा हं." ताईने तो डाव्या हाताने उचलून बाईंच्या कपाळावर हाणला. तेवढंच शेवटचं. त्यानंतर भिंतीकडे तोंड करून जी झोपली ती झोपलीच. आणि घर कसलं हो ते? सगळे चवड्यांवर चालतायत! भावजी, ताईचे यजमान, जे आयुष्यभर तिला घाबरून होते, ते कानात सांगितल्यासारखे बोलतात, "कसं वाटतंय गं... पाणी देऊ का गं... पंखा वाढवू का गं..." अशा घरात धडधाकट माणूस आजारी पडेल! मला तर ती पाठ बघवेना. खरंच सांगतो, त्या पाठीची मला भीती वाटायला लागली होती. वाटायचं, ही आता वळणारच नाही.

आणि एका रविवारी, मी आपला खुर्चीत बसलेलो, तर ती भिंतीशीच बोलली. "आपला तो गेम चोरीला गेला नसता ना, तर तुला आत्ता उठून बदडला असता." आठ दिवसांत पहिलं वाक्य! भावजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र खुर्ची दाराकडे सरकवली.

कारण तो चोरीला गेलाच नव्हता. मी विकला होता! नववीत असताना, वर्गातल्या एकाला, एका शाईच्या पेनावर आणि तार तुटलेल्या रॅकेटवर. का म्हणून काय विचारता? दंड! माणसाने सहन तरी किती करायचं? घरी सांगितलं चोरी झाली. ताईला संशय आला समोरच्या घरातल्या जाड्याचा. तिने त्याला नळावर गाठून, त्याच्याच बादलीत त्याचं डोकं घालून असा तिंबला, असा तिंबला, की तो आज बँकेत मोठा साहेब झालाय तरी ताई दिसली की रस्ता ओलांडतो. आणि मी? मी गच्चीवरून बघत होतो. ओरडलोसुद्धा नाही. तुम्हाला सांगतो, मी मारामारी करणारा माणूस नाही हो!

म्हणून निघालो शोधायला. जुन्या गेमचं एक दुकान सापडलं, तळघरात. जिना उतरायचा, वाकून आत शिरायचं. कपाटं छतापर्यंत, कॅसेटी रचलेल्या, मध्ये एक जाडजूड जुना टीव्ही, आणि त्याच्यामागे म्हातारा दुकानदार, खोडरबराने कॅसेटच्या पट्ट्या घासत बसलेला. मी एक कॅसेट उचलून लहानपणीच्या सवयीने फुंकर मारायला गेलो, तर फाडकन हातावर बसली! "फुंकायचं नाही! थुंकी उडते, पट्ट्या गंजतात! चाळीस वर्षं फुंकताय लेको, सगळ्या कॅसेटी तुम्हीच मारल्यात!" मी म्हटलं, बरं, चुकलं.

आणि तो गेम होता. अगदी तोच, दोन रिमोट, कॅसेट, खोक्यासकट. एकच नग. पण तो होता दुसऱ्याच्या हातात. पांढरे हातमोजे घातलेला एक इसम भिंगातून खोक्याचा कोपरा बघत होता. नुसता कोपरा! पंधरा मिनिटं! मी म्हटलं, "साहेब, मला हवा होता हो." तो वर न बघता म्हणतो, "मी आधी आलोय." मी म्हटलं, "नाही, मला खेळायला हवाय." तेव्हा बघितलं त्याने वर. "खेळायला?" असं बघितलं, जणू मी ते खोकं चिरून फोडणीला टाकणार आहे! "हा खेळायचा नसतो. हा ठेवायचा असतो. माझ्याकडे सात आहेत, एकाचीही पिशवी उघडलेली नाही." सात! आता मला सांगा, सात असताना आठवा कशाला? पण मी शांत. मी सांगितलं, माझी बहीण आजारी आहे, तिला हाच आठवतो, तुमचे उपकार होतील. तर तो परत भिंग डोळ्याला लावून म्हणतो, "मग मोबाईलवर द्या ना काहीतरी लावून. आजारी माणसाला काय कळतंय?"

आजारी माणसाला काय कळतंय...

मारला मी. जन्मातला पहिला गुद्दा. आता खाण्याचा अनुभव माझा दांडगा, पण मारण्याचा शून्य, त्यामुळे अंगठा राहिला मुठीच्या आत! त्याच्या जबड्यातून काही आवाज आला नाही, माझ्या अंगठ्यातून मात्र कट्ट झालं. मग त्याने मारला, तो बरोबर दातावर. मग मी त्याच्या पोटात डोकं घातलं, त्याने माझी बाही ओढली, मी त्याचा कान धरला, आम्ही दोघं कपाटावर, कॅसेटी आमच्यावर, आणि गंमत बघा, या सगळ्यात दोघांचाही एक-एक हात त्या खोक्याखाली! खोक्याला धक्का लागू द्यायचा नाही यावर मात्र आमचं एकमत. तो माझ्या नडगीवर लाथा घालतोय आणि ओरडतोय, "हळू! कोपरा! कोपरा!" मी त्याच्या मनगटाला चावलोय, हातमोज्यासकट चावलोय, आणि तोंडात सूत असताना म्हणतोय, "धरलाय, धरलाय, तुम्ही घट्ट धरा!" आणि दुकानदार अँटेनाच्या दांड्याने दोघांनाही झोडपतोय, "माणसं फुटली तर फुटू देत, संच फोडायचा नाही!"

आणि मग माझं नाक फुटलं. टप्. एक थेंब. खोक्यावर.

तो हातमोजेवाला जागच्या जागी थिजला. खोक्याकडे बघतोय, माझ्या नाकाकडे बघतोय, परत खोक्याकडे. "डाग..." म्हणाला. "डाग पडला हो." अहो, रडायला लागला तो! माझा दात पाडताना पापणी हलली नाही, पण पुठ्ठ्यावरच्या डागाला रडला. हळूच खोकं खाली ठेवलं, हातमोजे काढले, म्हणाला, "घ्या तुम्हीच. आता त्याच्यात काही राहिलं नाही." आणि जिना चढून गेला. दुकानदाराने शांतपणे कॅसेट घातली, रिमोट माझ्या हातात दिला, म्हणाला, "चालवून बघा. एकदा बाहेर पडलात की तक्रार चालणार नाही." सुजलेल्या अंगठ्याने एकेक बटण तपासलं मी, त्याच्याशी एक डाव खेळून. तिथेही हरलो.

ताईला सांगितलं, "अगं, चोरीला गेलाच नव्हता! माळ्यावर सापडला!" ती वळली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून वळली. "आणि तुझ्या थोबाडाला काय झालं?" म्हटलं, "माळ्यावरून पडलो."

भावजींनी टीव्हीला जोडून दिला. ताईने डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि रिमोटवर ठेवला, बोटं एकेक करून बटणावर लावली. आणि मारायची बटणं नेमकी उजवीकडे हो! तिचा माणूस पुढे येतोय, मागे जातोय, उडी मारतोय, पण हात काही उचलत नाही. मला कसंतरीच झालं. मी हरायला बघतोय, रिमोट उलटा धरला, डोळे मिटले, पण वेळ संपली आणि त्या मेल्या मशीनने मला विजयी केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

ताई म्हणाली, "मार."

म्हटलं, "काय मार?"

"नियम म्हणजे नियम. हरेल त्याला गुद्दा. मार!"

आता आजारी बहिणीला कसा मारणार हो? बोटाने जरासं टेकवलं. तर कडाडली, "हा गुद्दा? हा? माशी बसलीय का दंडावर? तूपण त्यांच्यातलाच झालास? गं... गं... करत येणारा?" आणि रागारागात तिने डाव्या हाताने मशीन उचललं, फेकायलाच उचललं होतं बहुतेक, पण उलटं झालं आणि तिची नजर तळावर गेली. आमच्या मशीनच्या तळावर तिने कर्कटकाने कोरलं होतं, "हात लावलास तर मेलास." इथे काही नाही. कोरा! मी विसरलोच होतो!

"हा आपला नाही."

मग काय, सांगितलं. पेन सांगितलं, रॅकेट सांगितली. ती ऐकत होती. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे त्या जाड्याला मी... उगाच?" मी मान हलवली. आणि तिने मारला!

डाव्या हातात मशीन होतं ना तिच्या. मग मारला कशाने? उजव्याने! तो विसरून गेलेला हात मांडीवरून उठला, मूठसुद्धा पुरती वळली नव्हती, आणि माझ्या दंडावर येऊन पडला. वाळत घातलेला टॉवेल अंगावर पडावा तसा. लागलं? काही लागलं नाही हो. काहीच लागलं नाही. म्हणून तर मी तिथे बसून लहान पोरासारखा रडलो. भावजी दारात उभे, हातात पाण्याचा पेला, ते पेल्यातलं पाणी सांडतंय तरी हलेनात. ताई आपली हाताकडेच बघतेय.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या, टेपने मोजलं, हात किती उचलला, कितीदा उचलला. म्हणाल्या, "असा नुसता उचल म्हटलं तर उचलत नाहीये. यांना राग आला की उचलतोय. तेव्हा तुम्ही असं करा, रोज सकाळ-संध्याकाळ या आणि एकेक जुनी भानगड कबूल करत जा." गेले तीन आठवडे हेच चाललंय! तिची डायरी वर्गात वाचली होती ते सांगितलं, झाले चार गुद्दे. तिच्या सायकलची हवा सोडायचो ते सांगितलं, सहा. भावजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांना "ताई बाहेर गेलीय" म्हणून परत पाठवलं होतं ते सांगितलं, त्याचे नऊ, त्यातले दोन भावजींनी मारले! तुम्हाला सांगतो, मी मारामारी करणारा माणूस नाही हो... आता तर भानगडीही संपत आल्यात, रात्री अंथरुणात पडून नव्या रचतोय.

आणि काल संध्याकाळी, काय सांगू तुम्हाला, काल पहिल्यांदा लागलं! खरंच लागलं, हाड वर काढून, जुन्या जागी, झणझणीत! मी असा बोंबललो आनंदाने, असा बोंबललो, की शेजारचे धावत आले. तर ताई म्हणते, "नाटकं करू नकोस. अजून जोर कुठे लावलाय?"

मग मी वळलो, आणि दुसरा दंड पुढे केला.