कोस्केला यांची शेगडी मी पेटवली

नाव : वर्ना हेइक्किनेन, वय ५८ वर्षे, धंदा : शाळेच्या बसची चालक, राहणार : सॉ-मिल रोड, बेअर क्रीक, उत्तर मिशिगन.

मी आपण होऊन शेरीफच्या पोलीस कचेरीत हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. रस्त्यापलीकडे आर्विड कोस्केला, वय ८३, हे राहत होते. पत्नी वारल्यापासून तेही एकटेच. त्यांची मुलगी आयलीन डेट्रॉईटला असते. मागच्या वर्षी तिने घरात विजेचे हीटर बसवले आणि लाकडाची शेगडी पुन्हा पेटवलीत तर तुम्हाला वृद्धाश्रमात ठेवीन, असे वडिलांना माझ्यासमोर बजावले.

दि. १४ जानेवारी रोजी पाऊस पडता पडता गोठत गेला, तारा तुटल्या व वीज गेली. दि. १६ रोजी सकाळी १० च्या सुमारास मी त्यांच्याकडे सूप घेऊन गेले. नळ गोठले होते. आर्विड कोट-टोपी घालून पलंगावर बसले होते. ओठ निळे पडले होते, जीभ जड झाली होती. माझ्या घरी चला म्हणून मी दोनदा सांगितले. ते म्हणाले, "एकदा बाहेर पडलो की मला परत येऊ देणार नाहीत."

म्हणून मी माझ्याकडची मेपलची लाकडे आणून शेगडी पेटवली. धुराडे कधी साफ केले होते, हे मी विचारले नाही. विचारायला हवे, हे मला कळत होते.

तासाभरात त्यांचे हात गरम झाले. सूप प्यायले. त्यांनी खुर्ची शेगडीशी ओढून बूट काढले.

११.४० वाजता धुराड्यात घुंऽऽ असा मोठा आवाज सुरू झाला. आत साचलेली काजळी पेटली होती. मी शेगडीच्या झडपा बंद केल्या, पण धुराड्याचे नळकांडे लाल झाले. मी आर्विडना धरून बाहेर आणले व माझ्या ट्रकमध्ये बसवले. त्यांच्या पायात मोजेच होते. रस्त्यावर झाडे पडल्यामुळे बंब ५० मिनिटांनी आला. तोवर घर जळाले. आम्ही बघत होतो.

शेगडी आपणच पेटवली, वर्ना नंतर आली, असे आर्विड यांनी या कचेरीला लिहून दिल्याचे मला समजले. ते खोटे आहे.

काल दुपारी ३ वाजता मी आर्विडना ठेवलेल्या दवाखान्यात गेले. खोलीबाहेर आयलीनने माझे दोन्ही हात धरून वडिलांना वाचवल्याबद्दल आभार मानले. मी तिला काही सांगितले नाही. आत जाऊन आर्विडना विचारले, तुम्ही असे का सांगितलेत? ते म्हणाले, "मला ती आता नेणारच आहे, पोरी. घरच उरलं नाही. तुला मात्र याच गावात राहायचंय."

त्यानंतर मी घरी गेले व आज सकाळी इथे आले.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'घर जळाले' असे होते. तिथे 'माझ्या हातून' हे शब्द वाढवावेत, अशी दुरुस्ती मी इथे नोंदवून घेतली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.