सेल्वीचं उत्तर

सुमतीकाकू, आणि इथे जमलेली सगळी मंडळी,

सर नाहीत आणि त्यांच्याबद्दल मी बोलायचं, हे मला अजून खरं वाटत नाही. अडखळले तर सांभाळून घ्या.

मी वर्षा. बाबांची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही सोलापूरहून चेन्नईला आलो. मी इथल्या विद्यापीठात बीकॉम करत होते. गोविंदराव सर गणित शिकवायचे. सर तंजावरकडच्या मराठी घरातले. माझ्याशी त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत बोलायचे, मधेमधे तमिळ यायचं, मला 'म्मा' म्हणायचे, म्हणजे पोरी. काकू, दर रविवारी ते तुम्हाला घरी सोडून वाचनगट चालवायचे. अंध विद्यार्थ्यांना पुस्तकं वाचून दाखवायची आणि परीक्षेत त्यांचे लेखनिक व्हायचं. मी गेले ती प्रमाणपत्रासाठी. खोटं कशाला बोलू?

माझ्याकडे सेल्वी आली. इतिहासाची विद्यार्थिनी, जन्मापासून अंध. दोन महिने मी तिला इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवली. परीक्षेत ती सांगायची, मी लिहायचे. एका उत्तरात तिने दोन राजांची अदलाबदल केली. मला बरोबर उत्तर ठाऊक होतं, मीच तर ते तिला वाचून दाखवलं होतं. मी गुपचूप बरोबर लिहिलं.

बाहेर येऊन सरांना हे मी अभिमानाने सांगितलं.  सर म्हणाले, "हे आधी तिला सांग, म्मा."

"पण सर, तिचं भलंच झालं ना?"

"तिला विचारलंस?"

मी सेल्वीला सांगितलं. ती रागावली नाही. म्हणाली, "चुकले तर मी चुकले असते. ते तरी माझं असतं." आणि काठी घेऊन सरळ परीक्षा विभागात गेली. ते उत्तर रद्द झालं. मला वर्षभर लेखनिक होता आलं नाही. सरांनी माझी बाजू घेतली नाही. मी खूप चिडले. गट सोडायचं ठरवलं.

सर एवढंच म्हणाले, "रविवारी ये. वाचायला कुणी बंदी घातलेली नाही."

मी गेले. सेल्वी ग्रंथालयाच्या पायरीवर बसली होती. "उशीर झाला," म्हणाली, आणि पुस्तक पुढे केलं.

आज ती मदुराईला प्राध्यापक आहे. काल फोनवर तिची परवानगी घेतली. म्हणाली, "सांग. पण माझं बोलणं बदलू नकोस."

मंडळी, बीकॉमला जे शिकले, त्यातलं बरंचसं मी विसरले. ते रविवार विसरले नाही. आज मी बँकेत आहे. एखाद्या आजींचा फॉर्म भरला की पूर्ण वाचून दाखवते आणि विचारते, तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना? मागची रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

आणि घरी बाबा आहेत. पक्षाघातानंतर ते फार हळू बोलतात. वाक्य मधेच अडतं. पुढचा शब्द मला माहीत असतो, ओठांवर आलेला असतो. मी तो बोलत नाही. मी थांबते. कधी कधी ते मला वाटलं होतं त्याहून वेगळंच काहीतरी म्हणतात.

हे मला कुठल्या वर्गात शिकवलं असतं?

सर, मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते.

काकू, तुम्ही बसूनच राहा. आपण बाकीचे सरांसाठी दोन मिनिटं शांत उभे राहू या.