तातडीचं असेल तरच

चर्चमध्ये सूचना देताना मी ‘तातडीचं’ हा शब्द आता वापरत नाही. का ते सांगतो. मंगळवेढ्याजवळच्या एका छोट्या मंडळीचा मी रविवारपुरता पाळक. बाकी आठवडा सोलापुरात एम.ए.चा अभ्यास. परीक्षा आली तेव्हा उपासनेनंतर सांगितलं, “पंधरा दिवस तुमची तुम्ही उपासना घ्या. तातडीचं असेल तरच मला फोन करा.” एकाचाही फोन आला नाही. मला बरंच वाटलं.

शेवटचा पेपर देऊन मंडळीतल्या याकोबबाबांकडे गेलो. बाबा वर्षभर अंथरुणाला खिळलेले. दर रविवारी मी त्यांना घरी जाऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचो. सुनेनं दारातच सांगितलं, “बाबा गेले की, पास्टर. बुधवारी पुरलं.”

“अगं, फोन का नाही केलास?”

“मी करनारच व्हते. दोन दिस सारखं इचारायचे, पास्टर कवा येनार. पन मी फोन हातात घेतला की म्हनायचे, ठिव. मरायचं काय तातडीचं हाय.”

तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. “पेपर बरं गेलं न्हवं? बाबा रोज त्याचीच प्रार्थना करायचे.”

मी पाणी पीत राहिलो. पेपर चांगले गेले होते.