जोगकाकूंच्या दारातले वॅक्सविंग

वॅक्सविंगचं नाव माझ्यासमोर काढू नका, सांगून ठेवतो. डोक्यावर तुरा असलेला हा पक्षी थंडीत नॉर्वेकडून इकडे इंग्लंडमध्ये येतो, तोही दरवर्षी नाही. आणि येऊन बसतो कुठे, तर सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये! तिथल्या झाडांना लाल बेरी असतात ना, म्हणून. तीन हिवाळे मी आमच्या गावातले, मिल्टन कीन्समधले सगळे कार पार्क पालथे घातले. हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेऊन ट्रॉल्यांच्या रांगेशेजारी उभा राहायचो. एक सिक्युरिटीवाला तर मला आता नावानं हाक मारतो.

गेल्या जानेवारीत तिथेच आमच्या मराठी मंडळातल्या जोगकाकू भेटल्या.

"अरे, नोकरी गेली की काय तुझी?"

मी मोबाइलवर पक्ष्याचा फोटो दाखवला.

"हा होय! सकाळपासून वीसेक आलेत माझ्या दारातल्या झाडावर. सगळा ड्राइव्हवे घाण करून ठेवलाय मेल्यांनी."

मी लगेच कॅमेरा आवरला. "काकू, आत्ता येऊ?"

"विचारतोस काय? मी पुढे होते, तू अर्ध्या तासानं ये. चहा टाकते."

तो अर्धा तास मी गाडीत कसा काढला, माझं मला माहीत. पोचलो, तर ड्राइव्हवे धुऊन चकचकीत. झाडावर एक पक्षी नाही. दारात काकू, हातात पाण्याचा पाइप.

"ये, ये! एवढा मोठा कॅमेरा घेऊन येतोयस, म्हटलं आधी सगळं स्वच्छ करून घ्यावं. एकूण एक हाकलून दिले बघ!"