उलटीची पिशवी

पित्ताशयाच्या ऑपरेशनला मी घाबरत नव्हते गं, घाबरत होते नंतरच्या उलट्यांना. अपेंडिक्सच्या वेळी शुद्धीवर आले आणि दिवसभर ओकत होते.

म्हणून नौपाड्याच्या नर्सिंग होममध्ये भुलीचे डॉक्टर तपासायला आले, तेव्हा आधी हेच सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "गाडी लागते का तुम्हाला?"

"घोडबंदर रोडच्या बसमध्ये मी पिशवी हातात धरूनच बसते."

"बरं झालं सांगितलंत. उलटीचं औषध भुलीबरोबरच देतो."

तरी आत जाताना पर्समधली पिशवी मी ह्यांच्या हातात कोंबली. म्हटलं, "मला बाहेर आणलं की लगेच पुढे करा."

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा होता, पण पोट अगदी शांत. तरी सवयीने म्हणाले, "अहो, पिशवी द्या."

ह्यांनी मान खाली घातली. सिस्टर हसू दाबत म्हणाली, "काकू, ती काकांनी वापरली."

मला उपाशी ठेवलंय म्हणून ह्यांनीही सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. मला स्ट्रेचरवरून आत नेलं आणि बाहेर ह्यांचं पित्त खवळलं.

"तू उपाशी असताना मी कसा खाणार?" म्हणाले. इतकी वर्षं वटपौर्णिमेला मी उपाशी असायचे आणि हे जेवून आडवे व्हायचे!

तेवढ्यात डॉक्टर आले. सगळं ऐकून ह्यांच्याकडे बघत म्हणाले, "गाडी लागते का, हे मी दोघांनाही विचारायला हवं होतं."