सार्जंट परशराम, बेपत्ता

यशोदाबाई : ...तर मग आलासा कशाला, भावकू अण्णा? लढाईत ह्यांच्यासंगं एका इमानात हुतासा, आणि चोपन्न वर्सांत ह्या कोगनोळीत पाऊल न्हाय टाकलंसा.

भावकू : पेपरात तुमच्या भरमाचं वाचलं, वयनी. ‘वडील एकाहत्तरच्या लढाईपासनं बेपत्ता. पाकिस्तानच्या जेलात असतील तर सरकारनं शोधावं.’

यशोदाबाई : लेक हाय, लिवणारच. त्यो पोटात असताना तार आलती.

भावकू : परशराम जेलात न्हाय.

यशोदाबाई : तुम्हाला काय ठावं?

भावकू : आमचं इमान खरं तर माल न्यायचं. लढाईत त्यातच बॉम्ब भरलं. मागचं दार उघडून हातानं भायेर ढकलायचं. दाराशी आम्ही दोघं, कमरंला पट्टा बांधून. त्या फेरीला एक बॉम्ब अडकला. माझ्या बाजूला. सोडवायचं काम माझं. खालनं तोफा फुटाय लागल्या आणि मी भ्यालो. कड धरून बसलो.

यशोदाबाई : आणि हे?

भावकू : पट्टा माझ्या बाजूपतोर पुरंना, म्हणून सोडला त्यानं. खांदा लावून ढकललं. तेवढ्यात इमान कललं. बॉम्बच्या मागनं त्यो बी गेला.

यशोदाबाई : पॅराशूट?

भावकू : वाकता येत न्हाय म्हणून काढून ठेवलेलं.

यशोदाबाई : तारंत बेपत्ता लिवलं हुतं.

भावकू : सायबानं इचारलं. मी म्हटलं, बघितलं न्हाय, उडी मारली असंल. खरं बोललो असतो तर माझं भ्याणं उघडं पडलं असतं. पुढं नोकरीतनं सुटून आलो, निपाणीत तंबाखूच्या वखारीत लागलो. कोल्हापूरची यस्टी तुमच्या नाक्यावर थांबली की डोळं मिटून घ्यायचो.

यशोदाबाई : एकोणीस वर्सांची हुते मी. माहेरची म्हणालती, दुसरं घर बघू. मी म्हटलं, माझा नवरा जित्ता हाय.

भावकू : वयनी...

यशोदाबाई : बोलू नगासा.

(यशोदाबाई दारापर्यंत जाऊन परत येते.)

यशोदाबाई : ओरडलं का हे?

भावकू : इंजिनाच्या आवाजात काय ऐकू न्हाय आलं. माझ्याकडं बघितलं फकस्त.

(भावकू उठतो.)

भावकू : जातो मी.

यशोदाबाई : बसा. भरमा रानातनं येईल आता. दर सालाला दिल्लीला पत्र धाडतोय त्यो. त्याला तुमच्या तोंडानं सांगा. माझ्यानं व्हायचं न्हाय.