शेवटचं गाणं

तारीफ खरी का खोटी, हे वळखायची माझ्याकडं एक पक्की खूण हाय. ऐका.

नामांतराच्या गरमीत माणसं एकमेकांशी बोलंनाशी झालती. तवा आमी चौघं आपापल्या गाण्याच्या पार्ट्या सोडून एकत्र आलो. पूर्णेचा भीमगीतवाला गौतम, वालूरचा भजनी ज्ञानोबा, बँडमधले क्लॅरनेटवाले रहीमभाई अन् पेटीवर मी. अभंगात क्लॅरनेट, कव्वालीत टाळ, असला सगळा उलटा कारभार. शेवटचं गाणं तेवढं चौघांनी मिळून म्हणलं. कॅसेट निघाली अन् परभणीच्या एका साप्ताहिकात छापून आलं, 'शेवटचं गाणं काळजाला हात घालतं.'

मी खुशीत कॅसेट पहिल्यांदाच शेवटपर्यंत लावली. शेवटचं गाणं त्यात नव्हतंच! रेकॉर्डिंगच्या वेळी आमी इकडं गायलोय अन् तिकडं टेप संपलेली. सगळ्या कॅसेटी त्याच टेपवरून भरल्या होत्या.

पळत गौतमकडं गेलो. मी तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "वाचलं का? मी काल परत ऐकलं. लय भारी झालंय."

ज्ञानोबा म्हणाला, "आमच्या घरात तर दिवसभर तेच लावायलेत."

रहीमभाईंनी नुसता माझा हात दाबला, "क्या बात है!"

टेपचं मी कुणाला सांगितलंच नाही.

पुढं ज्ञानोबा गेला, रहीमभाई गेले. परवा गौतम बी गेला. त्याच्या मयतीला एकजण मला म्हणाला, "काका, तुमचं ते शेवटचं गाणं! अजून बी ऐकलं की डोळ्यांत पाणी येतं बघा."

मी म्हणलं, "माझ्या बी."